गुण देणाऱ्याचे गुण

मुलाचा निकाल लागला की आपल्या घरोघरी काय होते, ते वाचकांना सांगावयास नको. टक्के किती, शेजारच्या बंड्याला किती, यातच चार दिवस जातात. पण ज्या प्रश्नपत्रिकेने हे गुण दिले ती स्वतः कितपत भरवशाची होती, असे मात्र कोणी विचारीत नाही. जन्मभर हाच प्रश्न विचारीत बसलेले एक प्राध्यापक अमेरिकेत होऊन गेले. त्यांचे नाव ली क्रॉनबाक.

कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो गावी १९१६ साली ते जन्मले. लहानपणीच कोणा परीक्षक बाईंनी त्यांची बुद्धी मोजली आणि आकडा निघाला दोनशेच्या घरात! चौदाव्या वर्षी शाळा संपली, अठराव्या वर्षी पदवी हाती आली. पुढे हायस्कुलात गणित व रसायन शिकवून झाले, १९४० साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, आणि मग मोजले गेलेले हे पोर मोजणाऱ्यांचेच माप काढू लागले.

त्यांची कीर्ती आहे ती १९५१ सालच्या एका निबंधावर. विषय रुक्ष खरा, पण शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या गृहिणींना तो चटकन कळेल. समजा, पत्रिकेत दहा प्रश्न आहेत. विषम प्रश्नांचे गुण एकीकडे आणि सम प्रश्नांचे दुसरीकडे मांडले, आणि दोन्हीकडे मुलांचा क्रम साधारण सारखाच आला, तर पत्रिका विश्वासार्ह मानावयाची, अशी जुनी रीत होती. पण विषम-समच का? दहा प्रश्नांचे दोन सारखे वाटे १२६ तऱ्हांनी पडतात आणि दर वाटणीला उत्तर निराळे येते! क्रॉनबाक यांनी दाखवून दिले की एकच सूत्र मांडले की या साऱ्या वाटण्यांची सरासरी आपोआप हाती येते. त्याला त्यांनी ग्रीक वर्णमालेतले पहिले अक्षर दिले, 'अल्फा'. कारण पुढची अक्षरे पुढच्या सूत्रांसाठी राखून ठेवावयाची होती.

सूत्र सर्वस्वी नवे नव्हते. कूडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ साली, तर गटमन यांनी १९४५ साली ते जवळजवळ गाठलेच होते. पण नाव चिकटले ते क्रॉनबाक यांचे. अशी नावे एकदा चिकटली की निघत नाहीत.

मग सुरू झाली उल्लेखांची रांग. परिचारिकांचा शीण मोजा, गिऱ्हाइकांची आवड मोजा की विद्यार्थ्यांची भीती मोजा. प्रश्नावली आली की अल्फा आला, आणि अल्फा आला की तळटीपेत '१९५१' आलेच. इकडे फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून कोणी कोणाचा उल्लेख केला याची रीतसर सूचीच छापावयास घेतली, आणि विद्वानांनाही गुणपत्रिका मिळू लागली. क्रॉनबाक यांच्या त्या एका निबंधाचे उल्लेख अशाच एका सूचीत साडेपाच हजारांच्या वर गेले.

निबंधाला पन्नास वर्षे होणार म्हणून खुद्द लेखकाने काही टिपणे लिहावयास घेतली. ते २००१ साली वारले. सहकारी शॅव्हल्सन यांनी ती टिपणे नीट लावून २००४ साली छापली. त्यांत हा मनुष्य अभिमानाने फुललेला दिसेल असे कोणासही वाटेल. छे! सूत्राला आपले नाव पडले याचा आपल्याला संकोचच वाटतो, असे ते सांगतात. उल्लेख करणारे बहुतेक आपली प्रश्नावली वापरून मोकळे झालेले. विषयाच्या खोलात उतरलेले थोडे. अल्फा हे आता बहुतेक ठिकाणी योग्य साधन राहिलेले नाही, हेही त्यांनी स्वच्छ लिहिले.

याच गृहस्थांनी पॉल मील यांच्याबरोबर १९५५ साली दुसरा, आणि माझ्या मते अधिक खोल, प्रश्न उपस्थित केला होता. वाण्याचा तराजू रोज बिनचूक पन्नास ग्रॅम मारीत असेल, तर तो विश्वासार्ह आहेच की! पण खरा आहे का? जे मोजतो म्हणतो तेच तो मोजतो का?

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकनाला बांधल्या आणि छापलेल्या निबंधांना गुण ठेवले. झाले काय, तर पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके बोकाळली! आपल्या मुलांना जीव ओतून शिकवणाऱ्या, पण निबंध न छापणाऱ्या सरांचे काय माप निघाले असेल, याची कल्पना करावी. उल्लेखांची संख्या वस्तूचा खप सांगते. शिंप्याची टेप घरोघर असते, म्हणून तिच्यावर कोणी विद्वत्तेचा शिक्का मारीत नाही.

क्रॉनबाक यांना स्वतःला अल्फाहून सरस वाटे ती त्यांची नंतरची उपपत्ती. परीक्षक बदलला, दिवस बदलला, प्रश्न बदलला, तर कशाने गुण किती हलतात हे ती वेगवेगळे करून दाखवते. ग्लेसर, नंदा आणि राजरत्नम या सहकाऱ्यांबरोबर १९७२ साली त्यांनी तिच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथाचा उल्लेख करणारे मात्र त्या १९५१ च्या निबंधाच्या मानाने फारच थोडे निघाले.