पट्टीखालचा गंज

अमेरिकेत १९६०च्या दशकात तयार झालेल्या फोर्ड मस्टँगसारख्या गाड्यांच्या छताला, दारांच्या वर, पावसाचे पाणी वाहून नेणारी अरुंद पन्हळ असते. तिच्या पोलादी काठावर स्टेनलेस स्टीलची चकचकीत पट्टी चापासारखी बसवलेली आढळते. जुनी गाडी नव्याने रंगवताना ही पट्टी आधी काढावी लागते. ती तशीच ठेवून भोवताली रंग दिला तर काय बिघडेल?

पट्टी निघाली की उत्तर दिसते. पुष्कळदा उघड्या भागावरचा रंग शाबूत असतो आणि झाकलेल्या काठावर मात्र गंजाचे पापुद्रे! गंजायला ऑक्सिजन लागतो. मग तो जेथे कमी पोचतो तेथेच झीज जास्त कशी? रसायनशास्त्र शिकूनही आम्हाला हे प्रथम उलटेच वाटले होते.

केंब्रिजचे यूलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात या कोड्याचा अभ्यास केला. त्यांचा प्रयोग वर्गात करता येतो. मिठाच्या पाण्यात किंचित पोटॅशियम फेरिसायनाइड व थोडे फिनॉल्फ्थॅलिन मिसळा आणि घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर त्याचा मोठा थेंब ठेवा. (फेरिसायनाइडजवळ आम्ल आणू नये.) आधी निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतात, थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा आणि कड गुलाबी होते.

कडेला हवेतला ऑक्सिजन सहज मिळतो. तेथे तो इलेक्ट्रॉन घेतो व हायड्रॉक्सिल आयन तयार होतात, म्हणून गुलाबी रंग. हे इलेक्ट्रॉन पुरवते मध्यातले लोखंड. ते फेरस आयनांच्या रूपात विरघळते, म्हणून निळा. म्हणजे ऑक्सिजन खर्च होतो एकीकडे आणि लोखंड झिजते दुसरीकडे.

पट्टीखालच्या फटीत धूळ आणि केशाकर्षणाने धरलेले पाणी असते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत त्यात मीठही मिसळते. त्यातच स्टेनलेस स्टीलचा मोठा पृष्ठभाग ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन मिळण्याची आयती जागा ठरतो. मग रंगाला पडलेल्या एका ओरखड्यावरच सगळी झीज एकवटते.

म्हणून पट्टी काढताना घाई नको. रंगावर चिकटपट्टी लावून, पट्टीची खालची कड थोडीथोडी उचकटत पुढे सरकावे. एका टोकाला धरून ओढली तर ती लवचिकतेच्या मर्यादेबाहेर वाकते. वाकलेल्या जागी स्टेनलेस स्टील अधिक कठीण होते आणि ती मोड सहसा निघत नाही. पट्टी परत बसवण्यापूर्वी काठाचा गंज पूर्ण खरवडून प्रायमर व रंग द्यावा, तो नीट वाळू द्यावा आणि पट्टीच्या आत मेण भरावे, म्हणजे पाण्याला शिरायला जागा कमी उरते.