यंत्राला न दिसणारे चेहरे
अमेरिकेत एमआयटीत शिकताना जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय तरुणीचा चेहरा संगणकाला दिसेचना. पांढरा मुखवटा चढवला की लगेच दिसे. पुढे २०१८ मध्ये तिने संशोधक टिम्निट गेब्रूसोबत तीन कंपन्यांची, चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरवणारी सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के; काळ्या-सावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! यंत्राला शिकवायला वापरलेल्या छायाचित्रांत गोरे पुरुषच जास्त असतील, तर दुसरं काय होणार?

चेहरे जुळवणाऱ्या यंत्राची अशी चूक पोलिसांच्या हाती गेली की बेड्या पडतात. जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय गृहस्थाला घड्याळचोर समजून बायको-मुलींदेखत धरून नेलं. पुरावा काय, तर दुकानातल्या कॅमेऱ्याचं धूसर चित्र आणि यंत्राने जुळवलेला चेहरा. चौकशीत त्याने ते चित्र स्वतःच्या गालाशी धरून दाखवलं. तो मी नव्हेच.

त्याच वर्षी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे कंपन्या हलल्या. आयबीएमने चेहरे ओळखण्याचा हा धंदाच सोडला, ॲमेझॉनने पोलिसांना ही सेवा देणं थांबवलं. विल्यम्स मात्र कोर्टात गेला. २०२४ च्या तडजोडीनुसार डेट्रॉइट पोलिसांना आता निव्वळ यंत्राच्या भरवशावर कुणाला अटक करता येत नाही.