यंत्र गेले, खेळ राहिला

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक विक्रीस आणला. त्याची जुळणी स्कॉटलंडमधील डंडी शहरी, टायमेक्सच्या कारखान्यात, मुख्यतः स्त्री-कामगारांच्या हातून होई. खेळ साध्या कॅसेटवर मिळत. टेपरेकॉर्डर जोडून ते यंत्रात भरावे लागत. १९९३ साली कामगारांच्या मोठ्या लढ्यानंतर तो कारखाना बंद पडला. कॅसेटीही झिजत चालल्या आहेत.

मग तो खेळ आज चालतो कसा? 'इम्युलेटर' म्हणजे नव्या संगणकाकडून जुन्याचे सोंग वठवून घेणारी आज्ञावली. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर ज्या आज्ञा ज्या क्रमाने पाळी, त्याच ती पाळते. आणि तेही जुन्याच संथ गतीने, नाहीतर खेळणाऱ्याची बोटे मागे पडतील. कॅसेटवरील मजकूर फाईल होऊन येतो. म्हणून १९८३ सालच्या 'मॅनिक मायनर'मधला खाणकामगार आजही उड्या मारतो.

मात्र यंत्रात कायमची कोरलेली मूळ आज्ञावली, म्हणजे रॉम, ही कोणाची तरी मालमत्ता असते. १९८६ साली ते हक्क विकत घेणाऱ्या ॲमस्ट्रॅड कंपनीने पुढे ती इम्युलेटरबरोबर वाटण्यास मुभा दिली, म्हणून हे काम उजळ माथ्याने चालले. मालकाने नकार दिला असता तर? श्रमाने घडलेली वस्तू टिकवायची, तर कौशल्याइतकाच हक्काचा प्रश्नही सोडवावा लागतो.