टिळकांच्या घरातली पंचवीस वर्षं

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत नारायण वामन टिळकांची एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. गप्पा काव्यावरून सुरू झाल्या आणि धर्मापर्यंत पोहोचल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी त्यांचं नाव विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्यांनी वाद घातला नाही, टिळकांच्या देवांना नावं ठेवली नाहीत. टिळकही संस्कृत ग्रंथांत मुरलेले, कोकणातल्या करजगावचे चित्पावन ब्राह्मण. पुस्तक बाजूला टाकून देणं त्यांना सोपं होतं. पण त्यांनी पेन्सिल हाती घेतली आणि लक्षात ठेवण्याजोगं दिसेल तिथे खुणा करत वाचायला बसले. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांचं मन मोकळं होतं हे खरं, पण त्या मोकळेपणाची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बसली. नवऱ्यानं धर्म बदलल्याची बातमी आली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या. लहानगा मुलगा दत्तू पदरात. पुढची काही वर्षं नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आधारानं गेली. एवढा मोठा निर्णय घेताना टिळकांनी त्यांना विश्वासात घ्यायला हवं होतं, असं लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला दर वेळी वाटतं.

पुढे त्या नगरला, मिशनच्या नोकरीत असलेल्या टिळकांपाशी परतल्या, तरी धर्म त्यांनी बदलला नाही. एकाच घरात त्यांचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी ते चालू दिलं. सुवार्ता सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात ती न स्वीकारलेली बायको सुखानं नांदते आहे, हे त्या काळच्या मिशनच्या वातावरणात सोपं नव्हतं. लक्ष्मीबाईंनी आधी स्वतःशी एक प्रश्न सोडवला: या जाती देवानं केल्या की माणसानं? माणसानं केल्या असं मनाला पटलं तेव्हा कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापुरता हा धर्म वादात जिंकलेला नव्हता. पाण्याच्या तांब्यापासून सुरुवात करून त्या स्वतःच्या पायांनी तिथवर आल्या होत्या.

ख्रिस्ताची गोष्ट ऐकताना टिळकांनी आपला कान बदलला नव्हता, म्हणून सांगतानाही त्यांची वाणी मराठीच राहिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मोकळेपणानं सांगत. तोवर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं बरीच चालत. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी आधीच कीर्तनाची वाट पाडली होती, त्यांचा मान त्यांना द्यायलाच हवा. पण अभंग आणि ओवी ख्रिस्ती उपासनेत खऱ्या अर्थानं रुळली ती टिळकांमुळे. ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी त्यांचं नाव भेटतं. आजही नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी पेटी-तबला सुरू झाला की म्हाताऱ्या बायका पुस्तक न उघडता ती भजनं म्हणतात. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नसते. शेजारच्या वाड्यातला वारकरीही दारात उभा राहून ताल धरू शकेल, अशी ती रचना आहे. श्रद्धा सांगण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचं संपादन आलं. तरी पगारी मिशनरी असणं त्यांना बोचू लागलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती; ख्रिस्ताला गुरू मानलं की पुरे. चर्चमधल्या अनेकांना हे पचलं नाही. मला मात्र त्यात रेल्वेतल्या त्या अनामिक प्रवाशाची रीत मोठ्या प्रमाणावर अवलंबलेली दिसते: हाती पुस्तक द्यावं, बाकीचं देवावर आणि त्या माणसावर सोपवावं.

दरबाराला दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध करायला घेतलेलं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतलं आणि आपले ६४ अध्याय लिहून पुरं केलं.