13 फुटांचं फिरतं घर

विनिपेग हे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं शहर. 1960 च्या दशकात तिथल्या रे ओलेको यांनी मैलापाण्याची सेप्टिक टाकी फायबरग्लासची करून पाहिली. अशी टाकी हलकी होते, गंजत नाही, कुजत नाही आणि तिच्यातून पाणी झिरपत नाही. मोटारीमागे ओढायच्या घराला नेमके हेच गुण हवेत, हे त्यांनी हेरलं. सँडर डुसा यांच्या साथीनं साचा घडवला आणि 1968 मध्ये 13 फुटी ट्रेलर बाहेर पडला. इंग्रजी बाबूंच्या गोल 'बोलर' टोपीसारखा दिसतो म्हणून त्याचं नाव बोलर. वजन साधारण 400 किलो, म्हणजे तेव्हाच्या लहान मोटारीलाही सहज झेपणारं.

बोलर अमेरिकेतही पोचला. मिनेसोटातल्या बॅकस या लहानशा गावात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो बनू लागला आणि त्यातूनच 'स्कँप' जन्मला. पुढे टेक्ससमधल्या राइस गावी 'कॅसिटा' आली. बोलरचा कारखाना 1980 च्या दशकात बंद पडला. स्कँप मात्र अजून बॅकसमध्येच तयार होतो. 2018 च्या ऑगस्टमध्ये बोलरची पन्नाशी साजरी करायला शेकडो मालक आपापले ट्रेलर ओढत विनिपेगला जमले होते. पन्नास वर्षांपूर्वीचे ट्रेलर स्वतःच्या चाकांवर तिथवर आले, यातच त्या बांधणीची सगळी पुण्याई दिसते.

ट्रेलर फार फिरल्यामुळे मरत नाही, तो पाण्यानं मरतो. नेहमीच्या ट्रेलरचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, त्यावर पत्रा, छताला रबराचं आवरण आणि सांधे बुजवायला लांबी. रस्त्यावर हादरे बसले की सांधे उकलतात, पाणी आत शिरतं आणि कुठे शिरलं ते कळेपर्यंत लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. फायबरग्लासच्या ट्रेलरला दोनच मोठे भाग: वरचं कवच आणि खालचं. दोन्ही साच्यात घडवून कंबरेच्या रेषेवर आतून जोडतात. पाऊस जिथे तुंबतो त्या छतावर जोडच नाही. पाणी शिरायच्या जागा उरतात त्या खिडक्यांच्या कडा, छताचा झरोका आणि रिवेट. रिवेटवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या उडाल्या तर लगेच नव्या बसवाव्यात. आळस इथेच महागात पडतो.

आत लाकूड मुख्यतः जमिनीला असतं. कपाट आणि ओटा ही नुसती सोय नाही, छताचा भार त्यांच्यावरही असतो. जुना ट्रेलर विकत घेऊन उत्साहानं आतलं सगळं उचकटून काढणारे पुष्कळ भेटतात. मग कवच बसकं होतं आणि दार चौकटीत बसेनासं होतं. आतलं काही काढायचंच असेल, तर आधी छताला टेकू द्यावा.

या 13 फुटांत पुढची दांडीही धरलेली असते. राहायची जागा जेमतेम 10 फुटांची. मधल्या भागात सहा फुटी माणूस ताठ उभा राहतो. मागच्या टेबलाची फळी खाली उतरवली की पलंग होतो, पुढे बाक किंवा चिमुकली न्हाणी, मध्ये शेगडी, बेसिन आणि फ्रिज. चौघांची जागा कागदावर असते. खरी मजा दोघांना, फार तर एक लहान मूल.

ओढण्याची विद्या मात्र आकारानं लहान होत नाही. बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं, म्हणून गाडीवान ती किंचित धुरजड ठेवतो. ट्रेलरचंही तसंच आहे. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचच्या बॉलवर यायला हवा. तो कमी पडला तर महामार्गावर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि हे झुलणं मोटारीला आडवं करू शकतं. जड सामान चाकांच्या धुऱ्याच्या वर किंवा किंचित पुढे ठेवावं. सायकली मागच्या बंपरला टांगण्याचा मोह टाळावा. झुलू लागलाच, तर मोटारीचा ब्रेक करकचून दाबू नये. पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा, सुकाणू सरळ धरावं आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक हातानं लावता येत असतील तर ते लावावेत. उलटं घेताना लहान ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड जातो, कारण तो चटकन वळतो. सुकाणूच्या तळाशी हात धरावा. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलरची शेपूट जाते. एवढं करूनही जमलं नाही, तर सपाट जागी तो सोडवून दोघांना हातानं ढकलता येतो. हे भाग्य मोठ्या ट्रेलरवाल्यांना नाही.

मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम पाणसळ. आधी डावी-उजवी बाजू चाकाखाली फळी घालून सारखी करायची, मग चाकांना ठोकळे, मग हिच सोडवायचा, मग पुढच्या जॅकनं दांडी वर-खाली करायची आणि शेवटी कोपऱ्यांचे टेकू. हा क्रम मोडू नये. पाणसळीचं एक कारण नीट झोप लागणं, फ्रिज हे दुसरं. जुन्या ट्रेलरमधला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर थंड होतो. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोघांनी 1922 मध्ये शोधलेली ही युक्ती. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांतून फिरतात, त्यात हलणारा एकही भाग नाही. द्रव गुरुत्वानं उतरतो, म्हणून फ्रिज कलला की तो अडतो आणि चालूच राहिला तर खालचा बॉयलर तापून कायमचा बिघडतो. नवे ट्रेलर बॅटरीवरचा कॉम्प्रेसर फ्रिज लावतात. तो कलंडल्याची फिकीर करत नाही, पण वीज मागतो. 100 अँपिअर-तासांच्या शिसं-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढणं हिताचं. लिथियम बॅटरी जवळजवळ सगळी देते, मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. मिनेसोटात हे विसरून चालत नाही.

गॅसही तिथे प्रोपेनच. आपल्या घरगुती सिलिंडरमधल्या ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपास होईनाशी होते. प्रोपेनची वाफ उणे 42 अंशांपर्यंत होत राहते.

मराठी स्वयंपाकाला ही जागा पुरते, पण काही पथ्यं आहेत. कुकर जरूर न्यावा, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. टाकीत जेमतेम 40-45 लिटर पाणी असतं, ते पिण्याला, भांड्यांना आणि हात धुवायला. फोडणी मात्र बाहेरच्या शेगडीवर करावी. भिंतींना आतून मऊ अस्तर असतं, त्यात मोहरी-हिंगाचा वास अडकला की महिनाभर हलत नाही. रात्री झरोका आणि एक खिडकी बोटभर उघडी हवी, नाहीतर श्वासांची वाफ गादीखाली पाणी होऊन साचते. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र झोपायच्या उंचीला हवंच हवं.

बॅकसहून फार लांब नाही असं इटास्का राज्य उद्यान, स्थापना 1891. मिसिसिपी नदी तिथे एका तळ्यातून ओहोळासारखी निघते, दगडांवरून चालत ओलांडता येते. उंच पाइन झाडांखाली ट्रेलर लावून शेकोटी पेटवावी, पण लाकूड गावाहून आणू नये. अॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि जळाऊ लाकडातून राज्याराज्यांत पसरला.

थंडीआधी नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं असतं. नाहीतर वसंतात नळ फुटलेले सापडतात.

अमेरिका-कॅनडातल्या मराठी वाचकांपैकी कुणी असा ट्रेलर घ्यायचं मनात आणलं असेल, तर नवा महाग म्हणून हिरमुसू नका. जुना बोलर किंवा स्कँप खुशाल घ्या, पण पडदे आणि गाद्या बघून भुलू नका. जुनी कार्पेट वर करून दारापाशी आणि बाकांखाली जमीन बोटांनी दाबून पाहा. मग ट्रेलरखाली वाकून चौकटीच्या वळणांवर वेल्डिंगला तडे आहेत का ते तपासा, आणि धुरा बघा. त्यातल्या रबराच्या दांड्या पंचवीस-तीस वर्षांत थिजतात, धक्के झेलत नाहीत, आणि ते रबर दुरुस्त होत नाही. अशा वेळी नव्या धुऱ्याचा खर्च किमतीतून वजा करूनच भाव ठरवा.