माळवदाचा गारवा हवा, भार नको

सुगी आटोपून हातात चार पैसे आले, की घराघरांत बांधकामाची भाषा सुरू होते. कर्ता म्हणतो, "यंदा मातीचे घर पाडू, सिमेंटचे बांधू." घरची बाई मात्र वैशाखातली एखादी दुपार शेजारच्या स्लॅबखाली बसून आलेली असते. ती गप्प राहते. वाचकहो, एकदा तिला विचारून तर पाहा.

मराठवाड्यातले जुने माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर आग ओकत असली तरी आत गारवा. माती गावचीच, दगड जवळच्या खाणीतले. पण तुम्ही म्हणाल, किल्लारी विसरलात का?

नाही विसरलो. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून गाव झोपला होता. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे ८ हजार माणसे गेली. बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. तेव्हापासून लोकांनी दगडामातीचा धसका घेतला, तो साहजिकच होता.

पण खरी चूक कुठे होती? दोन-अडीच फूट रुंदीची भिंत म्हणजे प्रत्यक्षात दोन वेगळ्या भिंती. मध्ये दगडांचे तुकडे आणि मातीचा भराव. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. बापजाद्यांपासून साठलेला तो भार! हादरा बसताच भिंतीचे दोन पदर फाकले आणि छत खाली आले. ज्या घरांचे छत भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होते, त्यांतल्या काहींच्या भिंती पडल्या, पण सांगाडा उभा राहिला.

म्हणून दगडाची भिंत बांधाल तर दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने आरपार जाणारा लांब दगड घालाच. गवंडी कंटाळा करतो, कारण असा दगड घडवायला वेळ लागतो. तेवढ्यापुरते त्याच्या डोक्यावर उभे राहा. जोत्यावर, दाराखिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईकाँक्रीटचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवा. सळई किती ते अभियंत्याला विचारा. सिमेंट वापरायचे ते इथे. माळवद ठेवायचे असेल तर जुनी माती उतरवा, प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरा आणि वर वीतभराहून जास्त थर देऊ नका.

दगड नको असेल तर दाबाच्या मातीच्या विटा आहेत. त्यांना भट्टी लागत नाही, म्हणजे लाकूड-कोळसा जळत नाही. वीटभट्टीला शेताची वरची माती विकणाऱ्या बंधूंनी इथे जरा थांबावे. त्या वीतभर मातीतच तुमचे पीक असते. दाबाच्या विटेला खालची, मुरमाड माती चालते. विहिरीची किंवा पायाची निघालेली. काळी माती नको, ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते.

मातीची परीक्षा घरातल्या पोरांकडून करून घ्या. काचेची बाटली तिसरा हिस्सा मातीने भरा, पाणी घाला, खूप हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी रेती बसेल, मग गाळ, सर्वांत वर चिकणमाती. चिकणमातीचा थर जाड दिसला तर कच मिसळा, नाहीतर वीट तडकते. शंभर घमेली मातीला पाच ते आठ घमेली सिमेंट पुरते. हातयंत्रात दाबून विटा सावलीत रचा आणि ओल्या गोणपाटाखाली तीन आठवडे तराई द्या. भिंतीला पावसाचा मार लागू नये म्हणून जोते उंच ठेवा आणि पागोळ्या दोन फूट बाहेर काढा.

भट्टीचीच वीट घ्यायची असेल तर ती उभ्या कडेवर, मध्ये पोकळी ठेवून रचता येते. केरळात लॉरी बेकर यांनी अशी कितीतरी घरे बांधली. विटा चौथाईने कमी लागतात आणि पोकळीमुळे ऊन आत येत नाही. आपल्या गवंड्याला सवय नसेल तर आधी गोठ्याची भिंत बांधून हात बसवू द्या.

आणि हो, तराईला पाणी लागते. चैत्रात आड आटल्यावर विटा पाडायला काढाल तर फसाल. कार्तिक-मार्गशीर्षातच विटा पाडून ठेवा.