हाड जुळले, पुढे काय?

सुरतेहून किंवा अहमदाबादेहून रात्री वडोदऱ्याकडे परतताना महामार्गाच्या कडेला उभी असलेली एखादी अजस्र गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. पुढे एक आणि कधी मागेही एक ओढणारी मोटार, मध्ये चाकांची लांबच लांब रांग, आणि तीवर घराएवढा ट्रान्सफॉर्मर किंवा रसायनाच्या कारखान्यासाठी चाललेले प्रचंड लोखंडी पात्र. मुले खिडकीतून चाके मोजू लागतात, आपली मोटार वळसा घालून पुढे जाते आणि पाच मिनिटांत आपण सारे विसरून जातो. त्या गाडीच्या बाजूने हातात कंदील किंवा बॅटरी घेऊन पायी चालणारी माणसे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात राहतात. हा लेख त्या माणसांविषयी आहे. विशेषतः त्यांच्यापैकी कोणी जायबंदी झाला म्हणजे पुन्हा कामावर उभा राहीपर्यंत त्याला आणि त्याच्या घराला जो प्रवास करावा लागतो, त्याविषयी.

या धंद्याचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. आपल्याकडील मोटार वाहन नियमांप्रमाणे साधारण मालमोटारीची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते. तीत न मावणारा माल वाहायचा तर खास परवाने, मार्गाची आगाऊ पाहणी आणि निराळी गाडी लागते. या गाडीच्या आसांच्या ओळी एकमेकींना जोडता येतात. एका ओळीला आठ चाके. अशा सोळा ओळी जोडल्या की १२८ चाके झाली. प्रत्येक ओळ तेलाच्या दाबावर वरखाली होते, त्यामुळे रस्ता उंचसखल असला तरी भार सर्व चाकांवर सारखा वाटला जातो. पूल आला म्हणजे दुसरी सर्व वाहतूक थांबवून, पुलाच्या मधोमध, मुंगीच्या पावलाने जावे लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुलांविषयीच्या नियमावलीत ३८५ टनांचे जे विशेष वाहन गृहीत धरले आहे, त्याला ताशी ५ किलोमीटरच्या वर वेग घेण्याची मुभाच नाही. थुंब्याच्या अवकाश केंद्रासाठी महाराष्ट्रातून निघालेले सुमारे ७० टनांचे एक यंत्र जुलै २०१९ मध्ये रस्त्याला लागले आणि जुलै २०२० मध्ये तिरुवनंतपुरमला पोहोचले, हे पुष्कळांना आठवत असेल. मध्ये टाळेबंदी आली हे खरे. तथापि वाटेतील तारा उचलणे, फांद्या छाटणे, अरुंद वळणे पार करणे, ही कामे त्यापूर्वीही होतीच.

ही कामे करणाऱ्यांना या धंद्यात खलाशी म्हणतात. येथे खलाशी म्हणजे नावाडी नव्हे; जॅक, साखळ्या, वायररोप आणि लाकडी स्लीपर यांच्या साह्याने अवजड वस्तू हलविणारा तो खलाशी. वेग कमी असल्यामुळे हे काम बिनधोक असावे, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः येथे वेगाने होणारी हानी भाराने होते. ताणलेली साखळी तुटते, जॅक सरकतो, उंच मालावरून पाय निसटतो, आणि चाकाच्या अगदी जवळून चालणाऱ्याला एक चुकीचे पाऊल पुरते.

एका मुकादमाची हकिकत

आमच्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ अशाच एका तुकडीचे मुकादम आहेत. तुकडीत गुजराती, बिहारी, मराठी असे सर्व मिळून पंधरा-सोळा जण. सगळे त्यांना काका म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका वीजकेंद्रात ट्रान्सफॉर्मर गाडीवरून चौथऱ्यावर सरकविताना खालचा लाकडी स्लीपर उडाला आणि त्यांच्या डाव्या नडगीवर बसला. गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली, त्यांपैकी एकाचे टोक कातडी फाडून बाहेर आले. काकांचे वय तेव्हा ४६ होते. मुलगी बारावीत आणि मुलगा नववीत.

हाड कातडीबाहेर आले की जंतुसंसर्गाचे भय फार. म्हणून जखम धुणे आणि प्रतिजैविके देणे यांत विलंब चालत नाही. काकांच्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई बसविण्यात आली. १९३९-४० च्या सुमारास गेरहार्ड क्युंचर या जर्मन शल्यविशारदाने रूढ केलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. बाराव्या दिवशी काका घरी आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साहेब म्हणाले सळई पक्की आहे. मग पंधरा दिवसांत निघू ना?"

घोटाळा नेमका येथे होतो. सळई हाडाला धरून ठेवते, जोडत नाही. जोडायचे काम शरीराचे. मोडल्या जागी प्रथम रक्त गोठते. दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ, कुर्चेसारखा सांधा तयार होतो. पुढच्या काही आठवड्यांत त्याचे कठीण हाड बनते आणि त्यानंतर कित्येक महिने ते हाड आपला आकार नीट करीत राहते. नडगीचे हाड जुळण्यास चार ते सहा महिने लागणे ही सामान्य गोष्ट आहे. जखम उघडी असेल तर अधिकच. विडीने व तंबाखूने हा काळ आणखी लांबतो, कारण निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला मिळणारे रक्त घटते. काकांनी विडी सोडली ती या धाकाने. घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह हाडवैद्याकडून चोळून घेण्याचा होता. डॉक्टरांनी त्याला साफ नकार दिला, आणि ते योग्यच झाले. ताज्या मोडीवर चोळल्याने जुळू लागलेले हाड हलते.

दहा किलोंचा धडा

सहाव्या आठवड्यात व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी घरातला वजनकाटा मागविला. वॉकरच्या आधाराने उभे राहून डावे पाऊल काट्यावर टेकवायचे आणि काटा दहा किलो दाखवील तेवढाच भार द्यायचा. पुढल्या आठवड्यात पंधरा, मग वीस. दोनशे टनांचा माल केसाइतका न चुकता चौथऱ्यावर ठेवणारे काका त्या दहा किलोंपुढे घामाघूम झाले. कधी काटा पाचवर अडे, कधी एकदम तिसावर जाई.

एके दिवशी ते चिडून म्हणाले, "याला काही अर्थ आहे का?" तेव्हा त्यांची पत्नी शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हीच सांगता ना, जॅक एकदम सोडला की माल कलतो म्हणून? मग पायाचा जॅक तरी एकदम का सोडता?" त्यानंतर त्यांनी पुन्हा तक्रार केली नाही. भार थोडा थोडा द्यावा, प्रत्येक टप्प्यावर थांबून पाहावे आणि मगच पुढे जावे, हा त्यांच्या धंद्याचा नियम त्यांच्या पायालाही लागू होता.

या काळात घरच्यांनी काही खुणा ओळखून ठेवाव्यात. पाय घट्ट होऊन असह्य ठणका लागणे, बोटे बधिर होणे, पोटरी सुजून दुखणे, अकस्मात धाप लागणे किंवा छातीत कळ येणे, जखमेतून पू येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आहाराविषयी फार गूढ काही नाही. दूध, डाळी, उसळी, आणि चालत असल्यास अंडी व मासे पोटभर मिळावेत. मधुमेह असेल तर तो आटोक्यात असावा.

पगाराचा प्रश्न

शरीराइतकाच अवघड भाग पैशाचा. काम ठेकेदारामार्फत, नेमणुकीचा कागद नाही, अशी स्थिती पुष्कळांची असते. कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई देणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने मान्य केले. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तीनुसार तात्पुरत्या अक्षमतेच्या काळात दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याकाठी निम्मे वेतन मिळावयाचे असते. कामगार राज्य विमा लागू असेल तर ही भरपाई त्या योजनेकडून मिळते आणि तिचे प्रमाण वेतनाच्या ९० टक्के असते. दुखापत रस्त्यावरील वाहन-अपघातात झाली असेल तर मे २०२५ पासूनच्या केंद्रीय योजनेखाली ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनामूल्य उपचार होऊ शकतात.

हक्क असला तरी पुरावा हवा. अपघाताचा दिवस, वेळ, जागा, सोबत्यांची नावे, हजेरीपट, पगार जमा झाल्याच्या बँकेतील नोंदी आणि रुग्णालयाचे प्रत्येक कागद एका पिशवीत ठेवावेत. काकांच्या पत्नीने ती पिशवी पहिल्या दिवसापासून जपली. ठेकेदाराने प्रथम टाळाटाळ केली. कागद समोर ठेवल्यावर निम्मे वेतन सुरू झाले. तरीही मुलीच्या शिकवणीची फी भरण्यासाठी बांगड्या गहाण पडल्याच.

परत जाण्याची वेळ

चौथ्या महिन्यात काका काठीने चालू लागले, आणि मालकाचा निरोप आला की तुकडी अडली आहे, या. मन तयार होते, पाय नव्हता. मांडीचा स्नायू तीन बोटे झिजलेला, घोटा ताठर. अशा अवस्थेत रात्रभर ओबडधोबड जमिनीवर चालणे, मालावर चढणे, साखळी ओढणे म्हणजे दुसऱ्या अपघाताला निमंत्रण. आणि ते केवळ स्वतःपुरते नव्हे, कारण मुकादमाचा तोल गेला तर सोळा जणांचा जीव टांगणीला लागतो.

तोडगा धंद्यातच सापडला. माल निघण्यापूर्वी कोणीतरी सबंध मार्ग जीपने फिरून तारांची उंची, कमानी, वळणे आणि पूल यांची नोंद करावी लागते. पाचव्या महिन्यात डॉक्टरांच्या परवानगीने काकांना ते काम मिळाले. दर तासाला जीप थांबवून ते चार पावले चालत. मोजपट्टी दुसरा धरी, निर्णय काका देत. आठव्या महिन्यात ते गाडीबरोबर पुन्हा चालू लागले. मालावर चढणे त्यांनी कायमचे सोडले आणि ते काम तरुण सोबत्यांना शिकविले.

मनाची दुखापत सावकाश भरते, हेही सांगितले पाहिजे. लाकूड कचकन वाजले की त्यांच्या अंगावर अजून काटा येतो. पहिल्या काही महिन्यांत रात्री दचकून जाग येई. त्यांनी हे पत्नीला सांगितले, डॉक्टरांनाही सांगितले. पुष्कळ पुरुष हे सांगत नाहीत आणि बाटलीकडे वळतात. घरच्यांनी 'एवढा मोठा माणूस घाबरतो काय' असे न म्हणता ऐकून घ्यावे, हाही उपचारच आहे.

आपल्या घरांतील पुष्कळ मुले आज कारखान्यांत, गोदामांत, वाहतुकीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी जायबंदी होऊन घरी आला, तर 'प्लास्टर कधी निघणार' एवढ्यावर चौकशी थांबवू नये. पाऊल किती भार घेते, जिना उतरता येतो का, झोप लागते का, मालक हलके काम देईल का, कागद जपले आहेत का, हेही विचारावे. हाड चार-सहा महिन्यांत जुळेल. माणसाला त्याचे काम, त्याचा पगार आणि त्याचा धीर परत मिळाला, म्हणजे तो बरा झाला असे समजावे.